जिभेला न चिकटलेलं हाड

गुरुवारी सकाळी साडेदहाला देर्नानं तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि भट्टीतून नुकत्याच काढलेल्या हाडाला जीभ लावली. जीभ चिकटली नाही.

तिनं दुसऱ्या टोकाला लावून पाहिली. तिथंही तेच. काचेच्या बशीवरून सरकावी तशी जीभ सरकून गेली.

बाहेरचा माणूस हे ऐकून म्हणेल, बाई वेडी आहे का? अजिबात नाही. इटलीतलं आमचं फाएन्झा म्हणजे कुंभारांचं गाव, इथं मातीत हात घातलेला कुणीही हेच करतो. पहिल्या भाजणीतून भांडं निघालं की त्याला जीभ टेकवायची. माती तहानलेली असली तर जिभेवरचं पाणी ओढून घेते आणि जीभ क्षणभर धरून ठेवते. म्हणजे झिलई नीट बसणार. जीभ सुटली, तर भट्टी जास्त तापली, मातीची छिद्रं मिटली, आता वर काहीही लावा, ते ओघळणार. देर्ना हे पंधराव्या वर्षी शिकली आणि बशा, सुरया, औषधवाल्यांच्या बरण्या भाजत तिनं एकाच कारखान्यात पस्तीस वर्षं काढली. तो बंद पडला तेव्हा ती पन्नाशीची होती. तिला वाटलं, संपलं आपलं. पण गावाबाहेर एक नवा कारखाना निघाला होता आणि त्यांना भट्टीची नाडी कळणारं माणूस हवं होतं. तिथं बशा करत नसत. तिथं हाडं करत.

हाडं म्हणजे खरी नव्हेत. एखाद्याचं हाड अपघातात नाहीतर पू होऊन चार-पाच बोटांएवढं गेलं, तर ते आपलं आपण भरून येत नाही. दोन्ही टोकांकडून वाढायला बघतं, पण मध्ये धरायला काही नाही म्हणून वाटेतच थांबतं. त्या फटीत यांचा तुकडा बसवायचा. आपल्या हाडात जे खनिज असतं त्याचीच भुकटी पाण्यात दाटसर कालवायची, त्यात स्पंज बुडवून पिळायचा, वाळवायचा आणि भाजायचा. स्पंज जळून जातो आणि त्याच्या जाळीची पांढरी, भोकाभोकांची वस्तू उरते. देर्नाला कुणी विचारलं की ती म्हणायची, "आम्ही हाड करत नाही. आम्ही वेलीला मांडव घालून देतो. चढायचं काम वेलीचं."

आणि ते खरंच तसं आहे. मोठ्या भोकांतून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्यामागून पेशी येतात, जाळीच्या भिंतींना धरून नवं हाड रचतात आणि मांडव हळूहळू विरघळत जातो. पण भिंतीसुद्धा तहानलेल्या लागतात. भिंतींच्या आत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. ती रक्त ओढून धरतात, तेव्हा पेशींना बूड टेकायला जागा होते. भट्टी जास्त तापली की पहिल्यांदा तीच मिटतात. बाहेरून सगळं छान दिसतं. जाळी शाबूत, वजन तेवढंच. आत मात्र धरायला काही उरत नाही.

कारखान्यात जिभेला बंदी होती, हे वेगळं सांगायला नको. हातमोजे, टोपी, मास्क. पहिल्याच महिन्यात देर्ना चाचणीच्या तुकड्याला जीभ लावताना सापडली होती आणि इंजिनिअर एर्मेस साव्होराणीनं तिला लेखी ताकीद दिली होती. पुन्हा दिसलं तर घरी. सात वर्षांत तिनं पुन्हा केलं नाही. आज मात्र तुकडा ताटलीत ठेवताना तिचं नख त्याला लागलं आणि आवाज स्वच्छ आला, चिनी मातीच्या कपासारखा. तिचा हात मास्ककडे गेला तो तिला न विचारताच गेला.

तुकडा होता क्रमांक चार-सतरा. डावी नडगी, सहा सेंटिमीटर. दुपारी चारला गाडी येऊन तो किरणांनी निर्जंतुक करायला नेणार होती आणि पुढच्या मंगळवारी बोलोन्याच्या रुग्णालयात तो एका माणसाच्या पायात बसणार होता. त्याच्यासोबत भाजलेले चाचणीचे तुकडे आधीच काढून तपासून झाले होते. सगळे पास. ते पास का झाले, हे देर्नाला स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

आमच्याकडे भट्टी लावताना सगळ्यात मोलाचं भांडं मागच्या कोपऱ्यात ठेवतात. दाराशी गारवा लागतो, तडा जातो. मागं ते सुखरूप राहतं. दाराशी ठेवायचे ते चाचणीचे तुकडे, फुटले तर फुटले. इथल्या तक्त्यावर लिहिलं होतं की रुग्णाचा तुकडा मधोमध, चाचणीच्या तुकड्यांना लागून. देर्नानं मंगळवारी भट्टी भरली तेव्हा चार-सतरा उचलून मागं ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या नाजूक वस्तूला मधे, दाराच्या तेवढं जवळ ठेवायला तिचं मन धजेना, इतकंच. आणि सोमवारी वायरमननं मागच्या भिंतीची तापणारी तार नवी बसवून दिली होती. नवी तार जास्त तापते. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती विसरली.

ती दहा मिनिटं तशीच बसून राहिली. गप्प बसलं तर? किरणांनी लाळेतले जंतू मरणार, कागद सगळे चांगले, कुणालाही कधी कळणार नाही. वर्षभरानं त्या माणसाचं हाड धरलं नाही तर डॉक्टर म्हणतील, नशीब. पेन्शनला पाच वर्षं होती. सत्तावन्नाव्या वर्षी भट्टीवालीला कोण कामावर घेतं? मी तिला थोर बाई म्हणून सांगत नाहीये. ती चांगलीच घाबरली होती.

मग ती उठली आणि ताटली घेऊन इंजिनिअरच्या खोलीत गेली.

"इंजिनिअर, चार-सतरा पाठवू नका."

एर्मेस तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यानं मान वर केली. "का? कागद तर सगळे चांगले आलेत."

"जास्त भाजलंय."

"कशावरून?"

देर्नानं जीभ बाहेर काढून दाखवली.

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देर्ना, सांगा की मी चुकीचं समजतोय."

"बरोबर समजताय. आणखी ऐका. तुकडा मधे नव्हता. मी मागं सरकवला होता, नव्या तारेजवळ."

"एका माणसाचा पाय या तुकड्यावर लटकलाय, आणि तुम्ही तो चाटून बघितलात?"

"चाटला नाही. जीभ टेकवली."

"वा, मग काय, मोठाच फरक पडला." त्याचा आवाज चढला होता. "सात वर्षं झाली तुम्हाला सांगून. सात वर्षं. आणि जिभेवर मी शस्त्रक्रिया थांबवू? तिकडे सांगू काय? आमच्या बाईच्या जिभेला बरं वाटलं नाही?"

"तुकडा आता तसाही बाद आहे," देर्ना म्हणाली. "पाण्याचा थेंब टाका. मग मला घालवा."

त्यानं ड्रॉपर घेतला. आधी चाचणीच्या तुकड्याच्या सपाट टोकावर थेंब सोडला. तो टेकतो न टेकतो तोच नाहीसा झाला. मग चार-सतरावर सोडला. थेंब बसून राहिला. दोघं बघत राहिले. देर्नानं मनात साठपर्यंत आकडे मोजले. थेंब होता तिथंच होता.

"हे कुठल्याच कागदात आलं नसतं," एर्मेस हळू आवाजात म्हणाला, आणि फोन उचलला.

बोलोन्याच्या सर्जन डॉक्टर ओर्सोला तार्ताञी भडकल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फोनचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. नवा तुकडा कधी? बारा दिवस, एर्मेस म्हणाला. बारा दिवस? त्या माणसाच्या नडगीत सहा पिना आहेत, बाहेर लोखंडी कडी आहेत, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा जखम स्वच्छ आहे. कमरेचं हाड दोनदा काढून घातलं, दोन्ही वेळा पू झाला, आता काढायला काही उरलेलं नाही. पुन्हा पू झाला तर पाय गुडघ्याखाली काढायचा असं ठरलंय, त्यानंच सही केलीय.

"मग हाच बसवायचा का?" एर्मेसनं विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या फटीत, एवढ्या खराब झालेल्या जागी? धरणार नाही. हाड त्याच्या भोवतीनं फिरेल आणि आत शिरणार नाही." मग त्या म्हणाल्या, "थांबायचं की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं. आणि हे मी सांगणार नाही. ज्यांनी केलंय त्यांनी येऊन सांगा."

शुक्रवारी दोघं बोलोन्याला गेले. एर्मेसनं सकाळीच देर्नाला भट्टीवरून काढल्याचं पत्र दिलं होतं. चौकशी होईपर्यंत तिनं भट्टीच्या दाराला हात लावायचा नव्हता.

लेआर्को हा ब्रिसिगेल्लाच्या डोंगरातला गवंडी. चाळिशी ओलांडलेला, दोन वर्षांपूर्वी परांचीवरून खाली पडला तो अजून उभा राहिलेला नव्हता. पायाला लोखंडी कडी, हातात वर्तमानपत्र. एर्मेसनं सुरुवात केली, छिद्रांचं प्रमाण, तापमानाचा फरक, भट्टीचा मागचा कोपरा, देर्नाची जीभ, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. लेआर्को ऐकत होता तो देर्नाकडे बघत.

"म्हणजे तुम्ही माझं हाड चाटलंत, सिन्योरा."

"टेकवली."

"चव कशी होती?"

"चव कसली, त्याला तहानच नव्हती. तेच तर दुखणं."

तिनं पिशवीतून दोन तुकडे काढून त्याच्या चादरीवर ठेवले. एक चाचणीचा, एक चार-सतरा. एर्मेस काही म्हणायच्या आत लेआर्कोनं पहिला उचलून जिभेला लावला. तो चिकटला, ओढून काढावा लागला. मग दुसरा लावला. मग तो खिडकीजवळ धरून फिरवून पाहिला, नखानं वाजवला आणि खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला.

"जळकी वीट," तो म्हणाला.

"काय?" एर्मेसनं विचारलं.

"जळकी वीट आहे ही. दिसायला देखणी, टणटण वाजते. पण चुना धरत नाही. भिंतीत घातली की दोन हिवाळ्यांत सांधा सुटतो. मी गिऱ्हाइकाच्या घराला एक घातली नाही आयुष्यात, आणि ही तुम्ही माझ्या पायात घालणार होता."

त्यानं चार-सतरा पुन्हा हातात घेतला.

"मागच्या कोपऱ्यात कुणी ठेवली?"

"मी," देर्ना म्हणाली.

"का?"

"आमच्यात चांगली वस्तू मागं ठेवतात. दाराच्या एवढ्या जवळ ठेवायला जीव धजेना."

लेआर्कोनं दोन्ही तुकडे चादरीवरून बाजूला सारले. "मी शूर वगैरे नाही, हे ऐकून ठेवा. रोज सकाळी आधी कातडी बघतो, लाल झाली का. डोळे उघडायच्या आधी हात लावून बघतो, गरम आहे का. असे बारा दिवस. तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय?"

"कळतंय."

"तर नीट भाजा," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं धरलं होतं.

नवा स्पंज कापला गेला, बुडवला गेला, पिळला गेला. देर्नाला वाळवणीच्या खोलीत बसवलं होतं. भट्टी एर्मेसनं स्वतः भरली, तुकडा मधोमध, चाचणीचे दोन तुकडे त्याला खेटून. दार लावण्याआधी त्यानं तिला बोलावलं. तिनं हात पाठीमागे बांधले आणि नुसतं बघून सांगितलं, "बोटभर पुढं." त्यानं बोटभर पुढं घेतला.

आठव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी फोन आला. लेआर्कोला ताप भरला होता, अडतीस पूर्णांक चार. एका पिनेच्या मुळाशी पू होता. ती पिन काढली होती, औषध बदललं होतं. डॉक्टर तार्ताञी म्हणाल्या, ताप उतरला तर मी सोमवारीच उघडते, एक दिवससुद्धा जास्त देणार नाही. नाही उतरला, तर तुमच्या तुकड्याचं मला काम नाही. तुकडा रविवारी हातात हवा.

भट्टी तेव्हा चारशे अंशांवर होती आणि उतरायला लागली होती. एर्मेस येऊन देर्नासमोर उभा राहिला. "दीडशेवर दार किलकिलं केलं तर? सहा तास वाचतात."

"नाही."

"नुसतं दोन बोटं."

"इंजिनिअर, गार वारा लागला तर जाळीत तडा जाईल. केसाएवढा, दिसणारही नाही. मग तो पाय टेकेल आणि त्याचा भुगा होईल. साठ अंशांच्या वर कुणी दार उघडायचं नाही. मला कामावर ठेवा, काढा, काही करा."

ती उठली, वाळवणीतली खुर्ची ओढत नेली आणि भट्टीच्या दारासमोर टाकून बसली. दाराला हात लावायची तिला मनाई होती. बसायची नव्हती. रात्रीपर्यंत तिथून ती हलली नाही. मधे कुणीतरी पियादिना, आमच्याकडची भरलेली पोळी, आणून दिली, ती तिच्या मांडीवर तशीच गार झाली. एर्मेस दर अर्ध्या तासानं येऊन आकडा बघायचा, तिच्याकडे बघायचा आणि जायचा. सहा तास गेले, मग आणखी दोन. साठ अंश झाले तेव्हा तिनं खुर्ची बाजूला घेतली.

एर्मेसनं या वेळी तुकड्याच्या टोकाला मुद्दाम जास्तीची ठेवलेली चकती करवतीनं कापली आणि तिच्यासमोर ठेवली. चकतीवर थेंब सोडला. थेंब गेला. पुन्हा सोडला, पुन्हा गेला. देर्नाचं तोंड उघडंच होतं. एर्मेस म्हणाला, "जीभ आत ठेवा." त्या आठवड्यात तो पहिल्यांदा हसला होता.

रविवारी तुकडा निर्जंतुक होऊन पोचला. ताप शनिवारीच उतरला होता. सोमवारी लेआर्कोची नडगी उघडली आणि देर्नाचा मांडव आत गेला.

चौकशीचा निकाल महिन्यानं लागला. भट्टी गेली ती गेलीच. देर्नाला स्पंज कापायला बसवलं. नियम बरोबर होता, असं ती स्वतः म्हणते. मी म्हणत नाही. पण कारखान्यात आता प्रत्येक तुकड्याला जास्तीची चकती ठेवतात आणि तिच्यावर थेंब टाकतात, आणि भट्टी भरताना एर्मेस कुणाला तरी देर्नाकडे पाठवून विचारून घेतो, हेही खरं.

साडेपाच महिन्यांनी लेआर्कोचा निरोप आला. गुरुवारी तपासणी आहे, ती जिभेवाली बाई हवी. देर्नाला जायचं नव्हतं. ती म्हणाली, वाईट असलं तर मला तिथं उभं राहून ऐकवणार नाही. एर्मेसनं तिला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं.

डॉक्टर तार्ताञींनी एक्स-रे उजेडावर लावला. देर्ना चष्मा पुसून जवळ गेली. तिला वाटलं होतं, आपला तुकडा ओळखू येईल. वरच्या बाजूला ती शोधत राहिली, पण हाड कुठं संपतं आणि तुकडा कुठं सुरू होतो ते तिला दिसेना.

"वरची कड कुठं गेली?" तिनं विचारलं.

"तीच तर जायला हवी होती," डॉक्टर म्हणाल्या. "इथं हाड आत शिरलंय. मधे जाळी अजून दिसते, तिला वेळ लागेल. खाली मात्र ही बारीक रेघ आहे ना, तिथली मला खात्री नाही. फोटोत धरलंय असं वाटतं. वजन दिल्याशिवाय कळणार नाही."

"सुटलं तर?" लेआर्कोनं विचारलं.

"सुटलं तर तुला आमच्याआधी कळेल."

कडी सकाळीच सैल केली होती. त्याला दोन दांड्यांच्या मधे उभं केलं, सगळा भार उजव्या पायावर. डावा पाय बारीक, पांढरा, अडीच वर्षं जमिनीला न लागलेला. डॉक्टर खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात त्याच्या नडगीवर ठेवले. "हळू. निम्माच भार. काही वाटलं की लगेच सांग."

लेआर्कोनं पाय खाली ठेवला. दांड्यांवरची त्याची बोटं पांढरी पडली. त्यानं भार टाकायला सुरुवात केली, थांबला, आणखी टाकला. देर्नाचे कान तडा जाण्याच्या आवाजासाठी ताणले होते. तो कसा येतो, हे तिला चांगलं माहीत होतं.

लेआर्कोचा चेहरा एकदम वाकडा झाला.

"दुखतंय," तो म्हणाला.

देर्नानं डोळे मिटून घेतले.

"कुठं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचे हात हलले नव्हते. "लेआर्को, कुठं दुखतंय?"

त्यानं खाली बघितलं.

"टाचेला," तो म्हणाला. "खाली, टाचेला. फरशी टोचतेय."